गवत कापण्याचें यंत्र: टू-स्ट्रोक घ्यावें कीं फोर-स्ट्रोक?

मुळशी तालुक्यांत पाऊस किती पडतो हें येथील रहिवाशांस सांगावयास नको. ताम्हिणीच्या घाटमाथ्यापासून पौडपर्यंत ज्येष्ठ-आषाढांत जें पाणी कोसळतें, त्याच्या पाठोपाठ गवतही तितक्याच जोरानें वाढतें. भाद्रपद उजाडेपर्यंत भातखाचरांचे बांध, ओढ्यांचे कांठ, घरांचीं अंगणें, शाळांचीं मैदानें व डोंगरउतारांवरील माळ कमरेइतक्या गवतानें झांकून जातात. पूर्वीं हें सर्व काम विळ्यानें होत असे. विळा आजही घरोघर आहे. परंतु तो धरणारे हात कमी झाले आहेत. तरुण मंडळी पिरंगुटच्या कारखान्यांत व हिंजवडीच्या कचेऱ्यांत कामास जातात, आणि मागें राहिलेल्या वडीलधाऱ्यांस एकट्यानें सर्व बांध साफ करणें झेपत नाहीं. या कारणानें खांद्यावर अडकवून चालविण्याचें इंजिनाचें यंत्र, ज्यास बाजारांत ब्रश कटर म्हणतात, तें आतां वाड्यावस्त्यांवरही दिसूं लागलें आहे.

पुष्कळ पालक शाळेंत भेटले म्हणजे या यंत्राविषयीं एकच प्रश्न विचारतात: टू-स्ट्रोक घ्यावें कीं फोर-स्ट्रोक? दुकानदारास विचारावें तर जें त्याच्यापाशीं शिल्लक असेल तें तो चांगलें म्हणतो. शेजाऱ्यास विचारावें तर जें त्यानें स्वतः घेतलें असेल त्याचीच तो स्तुति करितो. प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु ज्या कुटुंबाचें रोकड उत्पन्न भाताच्या विक्रीवर व चार महिन्यांच्या मजुरीवर अवलंबून आहे, त्यास अशा यंत्राची किंमत म्हणजे कित्येक दिवसांची कमाई होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींचे वडील तर याच यंत्रावर रोजगार करितात; बंगल्यांच्या व शेतघरांच्या आवारांतील गवत कापून देतात. त्यांचें यंत्र ऐन हंगामांत बंद पडलें तर घरची चूल मंदावते.

म्हणून दोन्ही इंजिनांची रचना व त्यांचे गुणदोष यांचा येथें थोडक्यांत विचार करूं. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. इंजिनाची निवड दुकानांतील किंमतीवरून किंवा सोबत मिळणाऱ्या अवजारांच्या संख्येवरून करूं नये. तें वर्षांत किती तास चालणार, कोणत्या जमिनीवर चालणार, आणि किती जणांच्या हातांत जाणार, या तीन गोष्टींवरून ती करावी.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. एका टोकास लहानसें इंजिन, मध्यें सुमारें दीड मीटर लांबीची नळी, नळीच्या आंत फिरणारा दांडा, आणि दुसऱ्या टोकास कापणारें अवजार, अशी याची सर्वसाधारण रचना असते. इंजिन व दांडा यांच्यामध्यें एक क्लच असतो. इंजिन मंद चालत असतांना क्लचचे तुकडे आंत ओढलेले राहतात व पातें स्थिर असतें. वेग वाढला कीं ते तुकडे बाहेर फेंकले जाऊन भोंवतालच्या वाटीस घट्ट चिकटतात आणि पातें फिरूं लागतें. गोफण फिरविली असतां तींतील दगड बाहेरच्या बाजूस ओढ घेतो, त्याच नियमाचा हा उपयोग होय. पात्याच्या जागीं नायलॉनची दोरी फिरविण्याची कल्पना अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरच्या जॉर्ज बॅलस नांवाच्या गृहस्थास १९७१ सालीं सुचली. मोटारी धुण्याच्या ठिकाणीं फिरणारे ब्रश गाडीस इजा न करितां घाण काढतात, हें पाहून त्यानें एका पत्र्याच्या डब्यास मासे धरण्याच्या दोऱ्या अडकविल्या, आणि तो डबा फिरवून झाडांच्या बुंध्यांभोंवतालचें गवत कापलें.

ज्या यंत्राची नळी मधोमध सुटी होते, त्यास पुढचा भाग बदलून निरनिराळीं अवजारें जोडतां येतात. कोंवळ्या गवतास नायलॉनची दोरी, जाड गवतास व रानमोडीस तीन दातांचें पोलादी पातें, घाणेरीसारख्या झुडुपांस करवती दातांची चकती, भाताच्या कापणीस चकतीमागें आडोसा लावलेली जोडणी, भाजीच्या ओळींमधील माती भुसभुशीत करण्यास फिरत्या नांग्यांचें वीडर, उंच फांद्या छाटण्यास लांब दांड्याची करवत, असे याचे अनेक प्रकार आहेत. एका इंजिनावर इतकीं कामें होतात हें ऐकून कोणासही मोह पडावा हें स्वाभाविक आहे. परंतु इंजिन एकच असलें तरी प्रत्येक अवजाराची त्याच्यापासून अपेक्षा निराळी असते; ती कशी, हें इंजिनाची रचना समजल्यावांचून कळणार नाहीं.

दोन्ही प्रकारांत सिलिंडर नांवाच्या नळकांड्यांत एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालींवर होत असतो. सिलिंडरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची जी एक खेप होते तिला इंग्रजींत स्ट्रोक म्हणतात. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत घेणें, तें दाबणें, पेटवून त्यापासून जोर घेणें, आणि जळलेला धूर बाहेर टाकणें, हीं चार कामें प्रत्येक इंजिनास करावींच लागतात. फोर-स्ट्रोक इंजिन प्रत्येक कामास एक स्वतंत्र खेप देतें. पहिल्या खेपेंत दट्ट्या खालीं येतो व मिश्रण आंत ओढलें जातें. दुसरींत तो वर जाऊन तें दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते व तिसऱ्या खेपेंत स्फोटाच्या जोरानें तो खालीं ढकलला जातो. चौथींत वर जातांना तो धूर बाहेर लोटतो. चार खेपा म्हणजे दांड्याचे दोन फेरे. अर्थात् दोन फेऱ्यांत जोराचा धक्का एकदांच मिळतो. योग्य वेळीं दारें उघडण्याकरितां व मिटण्याकरितां यांत झडपा असतात, व त्या हलविण्याकरितां निराळी यंत्रणा असते. जर्मनींतील निकोलाउस ओटो यानें ही पद्धति १८७६ सालीं यशस्वी करून दाखविली.

टू-स्ट्रोक इंजिन तींच चार कामें दोन खेपांत उरकतें. दट्ट्या वर जातांना वरच्या बाजूस मिश्रण दाबतो, आणि त्याच वेळीं त्याच्या खालच्या पेटींत नवें मिश्रण ओढलें जातें. ठिणगी पडून तो खालीं आला कीं सिलिंडरच्या भिंतींतील एक भोंक उघडें पडतें व धूर बाहेर जाऊं लागतो. लगेच दुसरें भोंक उघडतें व खालच्या पेटींतील ताजें मिश्रण वर शिरून उरलेल्या धुरास बाहेर ढकलतें. येथें झडपा नाहींत. दट्ट्याच स्वतः दारें उघडतो व मिटतो. प्रत्येक फेऱ्यास एक धक्का मिळतो. स्कॉटलंडच्या ड्यूगल्ड क्लार्क यानें अशा इंजिनाचें पेटंट १८८१ सालीं घेतलें, आणि इंग्लंडांतील बाथ शहरच्या जोसेफ डे यानें १८९० च्या सुमारास त्यास आजचें साधें, झडपांवांचूनचें रूप दिलें.

प्रत्येक फेऱ्यास एक धक्का, तर टू-स्ट्रोकची शक्ति दुप्पट झाली पाहिजे, असें एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल. तसें होत नाहीं, व त्याचें कारण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एका दारानें जुनें वऱ्हाड बाहेर पडत असतांनाच दुसऱ्या दारानें नवें वऱ्हाड आंत घेतलें, तर नव्यांपैकीं कांहीं मंडळी गर्दीबरोबर तशींच बाहेर निघून जातात. टू-स्ट्रोकमध्यें हेंच घडतें. ताज्या मिश्रणाचा कांहीं अंश न जळतां धुराबरोबर बाहेर जातो. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत हा नाश चौथ्या हिश्श्यापर्यंत जात असे. अलीकडील चांगल्या इंजिनांत नव्या मिश्रणापुढें शुद्ध हवेचा एक थर सोडून हा नाश पुष्कळ कमी केलेला असतो. तरीही तो अगदींच नाहींसा होत नाहीं.

या दोन इंजिनांची स्पर्धा पुणें जिल्ह्यास नवी नाहीं. १९७२ सालीं पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना व आकुर्डीच्या बजाज कंपनीची चेतक बाजारांत आली. दोन्ही टू-स्ट्रोक होत्या. पेट्रोल भरतांना त्यांत तेल टाकून घेणें, आणि सकाळीं चालू न झालेली स्कूटर एका बाजूस कलती करून पुनः किक मारणें, या गोष्टी विद्यार्थ्यांच्या आजोबांस चांगल्या आठवत असतील. गाड्या हलक्या, सुटसुटीत व दुरुस्तीस सोप्या होत्या. परंतु मागें निळा धूर सोडीत. इ. स. २००० च्या सुमारास धुराविषयींचे नियम कडक झाले व रस्त्यांवरील दुचाक्यांत फोर-स्ट्रोकची सरशी झाली. मग गवत कापण्याच्या यंत्रांतच टू-स्ट्रोक अद्याप कां टिकून आहे? याचें उत्तर असें कीं, गाडीचें ओझें रस्ता वाहतो. या यंत्राचें ओझें माणसाचा खांदा वाहतो. झडपा व त्यांची यंत्रणा नसल्यामुळें टू-स्ट्रोक तेवढ्याच शक्तीस हलकें पडतें. अर्धा-एक किलोचा फरक दुकानांत हातीं धरून पाहिल्यास जाणवत नाहीं. ताम्हिणीच्या उतारावर तिसऱ्या तासास तो स्पष्ट जाणवतो.

आतां तेलाचा विचार करूं. कारण बहुतेक इंजिनें तेलाच्या बाबतींतील निष्काळजीपणानेंच मरतात. टू-स्ट्रोकची खालची पेटी मिश्रणाच्या वाटेंत असल्यामुळें तींत तेल सांठवून ठेवतां येत नाहीं. म्हणून पेट्रोलांतच टू-टी तेल मिसळावें लागतें. प्रमाण ५०:१ सांगितलें असेल तर एक लिटर पेट्रोलांत २० मिलिलिटर. ४०:१ असेल तर २५ मिलिलिटर. २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. हें गणित इयत्ता सहावींतील मुलासही येतें. परंतु घाईंत कोणी नुसतें पेट्रोल ओतलें, तर दट्ट्या कोरडा पडून तापतो व थोड्याच वेळांत सिलिंडरांत धरून बसतो. असें इंजिन दुरुस्त करण्याचा खर्च पुष्कळदां नव्या इंजिनाच्या जवळपास जातो. उलट तेल प्रमाणाबाहेर घातलें तर धूर होतो, प्लग काळा पडतो व सायलेन्सरांत काजळी सांचते.

फोर-स्ट्रोकमध्यें पेट्रोल निराळें व तेल निराळें. मिश्रणाची कटकट नाहीं, हें सुख खरें. पण त्यामुळें दुसरें कर्तव्य उत्पन्न होतें. या लहान इंजिनांच्या तळाशीं तेल तें किती? होंडा कंपनीच्या ३५.८ घन सेंटिमीटरच्या जीएक्स ३५ या इंजिनांत तें अवघें १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका लहान कपाएवढें असतें. त्यांतील तीस-चाळीस मिलिलिटर कमी झालें तरी एकतृतीयांश तेल गेलें असें होतें, आणि तें सांगणारा दिवा या यंत्रावर नसतो. म्हणून दररोज काम सुरू करण्यापूर्वीं तेलाची पातळी पाहिलीच पाहिजे. नव्या इंजिनाचें पहिलें तेल सुमारें १० तासांनीं व पुढें दर ५० तासांनीं बदललें पाहिजे. आणि झडपांमधील अंतर ठराविक काळानें जाणत्या कारागिराकडून तपासून घेतलें पाहिजे. सारांश, टू-स्ट्रोक प्रत्येक टांकी भरतांना लक्ष मागतें. फोर-स्ट्रोक प्रत्येक सकाळीं लक्ष मागतें. लक्ष न मागणारें इंजिन अद्याप निघालेलें नाहीं.

मुळशीसारख्या डोंगराळ प्रदेशांत उताराचाही विचार केला पाहिजे. टू-स्ट्रोक कसेंही कलतें धरलें तरी चालतें. कारण तेल पेट्रोलाबरोबरच सर्वत्र जातें. साध्या फोर-स्ट्रोकचें तेल मात्र तळाशीं पडून राहतें, आणि इंजिन कलतें झालें म्हणजे तें एका बाजूस गोळा होऊन दुसरी बाजू कोरडी राहण्याचें भय असतें. ही अडचण ओळखून होंडा कंपनीनें कोणत्याही बाजूस कलतें केलें तरी चालणारीं लहान फोर-स्ट्रोक इंजिनें १९९७ सालीं काढलीं. त्यांत तेलाचे बारीक तुषार उडवून ते सर्व भागांस पोंचविले जातात. तेव्हां फोर-स्ट्रोक उतारावर चालत नाहीं, असें सरसकट म्हणणें आतां बरोबर नाहीं. परंतु प्रत्येक फोर-स्ट्रोक तसें चालतें असें समजणेंही तितकेंच चुकीचें होय. यंत्राच्या पुस्तिकेंत कलतें वापरण्याची मोकळीक स्पष्ट दिली आहे कीं नाहीं, तें पाहावें. तसेंच असें इंजिन ठेवतांना पुस्तिकेंत सांगितलेल्या स्थितींतच ठेवावें. आडवें टाकून दिल्यास तेल सिलिंडरांत उतरून दुसऱ्या दिवशीं तें सुरू होण्यास त्रास देतें.

बाजारांत तिसराही एक प्रकार आहे, व त्यानें पुष्कळांचा घोटाळा होतो. स्टिल या जर्मन कंपनीच्या कांहीं यंत्रांत झडपा फोर-स्ट्रोकप्रमाणें असतात. परंतु तळाशीं तेलाचा सांठा नसतो, आणि पेट्रोलांत तेल मिसळावेंच लागतें. केवळ फोर-स्ट्रोक हा शब्द ऐकून अशा यंत्रांत कोणी नुसतें पेट्रोल ओतील तर अनर्थ होईल. म्हणून नांवावर विसंबून न राहतां तेल कोठें घालावयाचें, हा प्रश्न खरेदीच्या वेळींच विचारावा.

इंजिनाची रचना समजल्यावर अवजारांचें गणित सोपें होतें. टू-स्ट्रोक जलद फिरतें व वेगांत आपली खरी शक्ति दाखवितें. म्हणून नायलॉनची दोरी व झुडुपें कापणारी चकती यांस तें चांगलें शोभतें. उंच फांदीवर करवत उचलून धरावयाची असल्यासही त्याचा हलकेपणा उपयोगी पडतो. फोर-स्ट्रोक मंद वेगावरही दमदार ओढ देतें. म्हणून माती भुसभुशीत करणारें वीडर, किंवा दाट भातांतून एकसारखी चालणारी चकती, यांस तें अधिक मानवतें. गुरांच्या वैरणीकरितां गवत पाहिजे असेल तर दोरी वापरूं नये. ती गवताचे तुकडे उडविते. पातें लावल्यास काडी अखंड पडते. विळ्यानें पडणाऱ्या पेंढीची सर मात्र कोणत्याच यंत्रास नाहीं. अवजारें मागाहून घ्यावयाचीं असतील तर नळीचा व्यास २६ मिलिमीटर आहे कीं २८, आणि आंतील दांड्याच्या टोकास दांते ७ आहेत कीं ९, हें लिहून घ्यावें. नाहींपेक्षां एका बनावटीचें अवजार दुसरीस बसत नाहीं व पैसे व्यर्थ जातात. जीं अवजारें वर्षांतून दोनदांही लागणार नाहींत तीं घेऊंच नयेत.

आतां पैशांचा हिशेब मांडूं. बुरूज बांधूं पाहणारानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा प्रभु येशूचा उपदेश शुभवर्तमानांत आहे. तो लहान यंत्रासही लागू पडतो. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे दर घालून हिशेब पुनः करावा. समजा, टू-स्ट्रोक तासास एक लिटर पेट्रोल खातें व फोर-स्ट्रोक पाऊण लिटर. पेट्रोल लिटरास १०० रुपये. शंभर तासांत २५ लिटरांचा, म्हणजे २,५०० रुपयांचा फरक पडला. टू-स्ट्रोकच्या १०० लिटर पेट्रोलांत ५०:१ या प्रमाणानें २ लिटर तेल लागलें. तें लिटरास ४०० रुपये धरल्यास ८०० रुपये झाले. फोर-स्ट्रोकचें तेल तितक्या वेळांत दोनदां बदललें, त्याचे १०० रुपये वजा केले. म्हणजे शंभर तासांत फोर-स्ट्रोकनें ३,२०० रुपये वांचविले. दोन्ही यंत्रांच्या किंमतींत ६,४०० रुपयांचें अंतर असेल, तर वर्षास १०० तास काम करणाऱ्याचें तें अंतर दोन वर्षांत भरून निघतें. परंतु ज्याचें काम वर्षास केवळ २० तासांचें आहे, त्यास तेंच अंतर भरून काढण्यास दहा वर्षें लागतील. तोंपर्यंत यंत्रच जुनें होईल. किती तास, या प्रश्नाचें महत्त्व यावरून कळून येईल.

पेट्रोलाविषयीं एक इशारा दोन्ही प्रकारांस सारखाच लागू आहे. आपल्या देशांत २०२५ सालीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें. कित्येक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी लिहिलेली असते. म्हणून यंत्र घेतांना हें अवश्य विचारावें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि मुळशीच्या पावसाळ्यांत ओलाव्यास तोटा नाहीं. पाणी फार झालें म्हणजे इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलापासून वेगळा होऊन तळाशीं बसतो. फोर-स्ट्रोकमध्यें यामुळें इंजिन सुरू होत नाहीं, एवढ्यावर भागतें. टू-स्ट्रोकमध्यें मात्र तेल वरच्या पेट्रोलांत राहतें व तळचा थर तेलावांचून इंजिनांत जातो. त्यापासून होणारी हानि अधिक मोठी असते. यास्तव महिन्याभरांत संपेल इतकेंच पेट्रोल आणावें व मिसळावें, आणि हंगाम संपला कीं टांकी रिकामी करून, कार्बुरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मग तें ठेवावें. मिश्रण पाण्याच्या बाटलींत कधींही ठेवूं नये. घरांत लहान मुलें असतात.

यंत्रापेक्षां माणूस मोलाचा आहे. टू-स्ट्रोकच्या धुरांत न जळलेलें पेट्रोल व तेल असतें, आणि दिवसभर काम करणाऱ्याच्या छातींत तें जातें. फोर-स्ट्रोकचा आवाज कांहींसा सौम्य असतो. तथापि कोणतेंही असें इंजिन जोरांत चालत असतां कानास दीर्घकाळ सोसणारें नसतें. कान एकदां मंद झाले म्हणजे औषधानें परत येत नाहींत. कंप हातांत उतरून बोटें बधिर होतात. तेव्हां कान झांकण्याचें साधन, डोळ्यांस चष्मा, पायांत जाड बूट, आणि मधूनमधून विश्रांति, यांचा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरावा. पात्याखालून उडालेला खडा फार दूर जातो. म्हणून पंधरा मीटरांच्या आंत कोणासही उभें राहूं देऊं नये, आणि पेट्रोल भरतांना इंजिन बंद करून थंड होऊं द्यावें.

इतक्या विवेचनानंतर आमचा निर्णय असा. ज्याचें काम अंगणापुरतें व थोड्या बांधांपुरतें, वर्षास वीस-पंचवीस तासांचें आहे, आणि यंत्र घरांतील एकच जाणता माणूस चालविणार आहे, त्यानें हलकें, चांगल्या बनावटीचें टू-स्ट्रोक घ्यावें. चढउतारावर झुडुपें कापणारासही तेंच सोईचें. ज्याचा रोजगारच यावर आहे, जो सकाळपासून सायंकाळपर्यंत यंत्र वागवितो, त्यानें थोडें अधिक मोल देऊन कलतें चालणारें फोर-स्ट्रोक घ्यावें. पेट्रोल वांचतें, धूर कमी होतो, आणि माती भुसभुशीत करण्याचें कामही त्याच इंजिनावर मिळतें. बचत गटानें किंवा भावकीनें मिळून एक यंत्र घेतलें असेल व तें दहा हातांतून फिरत असेल, तर आम्ही फोर-स्ट्रोकच सुचवूं. कारण दहापैकीं एक जण केव्हांतरी मिश्रण करण्यास विसरणार, हें उघड आहे. मात्र अशा ठिकाणीं तेलाची पातळी पाहण्याचें काम एकाच व्यक्तीकडे नेमून द्यावें. सर्वांचें काम म्हणजे कोणाचेंच काम नव्हे, हा अनुभव सर्वत्र आहे. कोणतेंही घेतलें तरी त्याचे सुटे भाग व जाणता कारागीर पौड, पिरंगुट किंवा पुणें येथें मिळतो कीं नाहीं, तें आधीं पाहावें.

बॅटरीवर चालणारीं यंत्रेंही आतां मिळतात. मुळशीच्या धरणाचें पाणी घाटाखालीं नेऊन भिरा येथें १९२७ पासून वीज निर्माण होत आहे; तेव्हां विजेवर गवत कापण्याची कल्पना या तालुक्यास परकी वाटूं नये. लहान अंगणास अशीं यंत्रें उत्तम; त्यांत तेल नाहीं, धूर नाहीं. परंतु दिवसभराच्या कामास अनेक बॅटऱ्या लागतात, आणि पावसाळ्यांत वस्तीवरील वीज गेली म्हणजे काम थांबतें. म्हणून डोंगराकडच्या शेतकऱ्यास आज तरी इंजिनांतूनच निवड करावी लागते.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक काम सांगावयाचें आहे. या यंत्रांच्या पुस्तिका पुष्कळदां इंग्रजींत असतात, व घरोघर त्या न उघडतां ट्रंकेंत जाऊन पडतात. तुम्हांस शाळेंत जें इंग्रजी व जें शास्त्र शिकविलें जातें, त्याचा घरीं उपयोग करण्याची ही चांगली संधि आहे. पुस्तिका काढा, वडिलांजवळ बसून ती मराठींत वाचून दाखवा. तेल पेट्रोलांत घालावयाचें कीं निराळें, प्रमाण काय, किती तासांनीं बदलावयाचें, हीं तीन उत्तरें शोधा, आणि टांकीच्या झांकणाजवळ पांढऱ्या रंगानें मराठी अक्षरांत लिहून टाका. एका वहींत प्रत्येक दिवसाचे तास मांडा. यंत्र कोणतें चांगलें, हें पुढच्या वर्षीं ती वहीच तुमच्या घरच्यांस आमच्यापेक्षां अधिक खात्रीनें सांगेल.